संमतीचा मसुदा

संमतीने घटस्फोटाच्या अर्जावर शेवटच्या तारखेला वसईच्या कोर्टात जे काही घडते, ते दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. पुकारा होतो. नवरा-बायको पुढे येतात. न्यायाधीश आधार कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघतात आणि विचारतात, ‘स्वखुशीने करताय ना? कोणाचा दबाव?’ दोघेही नाही म्हणतात. डिमांड ड्राफ्ट एका हातातून दुसऱ्या हातात जातो, त्याची झेरॉक्स फाइलला लागते, सह्या होतात. ही मंडळी दाराबाहेर पडेपर्यंत पुढच्या प्रकरणाचा पुकारा झालेलाही असतो. सोबत आलेल्या मामा-काकांचा चेहरा मात्र बघण्यासारखा होतो. एवढ्यासाठी इतकी वर्षे घालवली?

ती वर्षे संमतीपर्यंत पोहोचायला लागलेली असतात, आणि ती कशी गेली याचा कागदावर कुठेच मागमूस नसतो. हे पुस्तक त्या काळाबद्दल आहे. अर्जाचा नमुना, कलमे, कागदपत्रांची यादी हे सगळे पुढच्या प्रकरणांत आहेच. पण वसई-विरारमध्ये वकिली करताना माझे मत असे बनत गेले की अर्ज लिहिणे हे यातले सगळ्यात सोपे काम. घाम काढतात त्या अर्जासोबतच्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी. हा मसुदा नीट झाला तर माणसे एकमेकांच्या तावडीतून सुटतात. ढिसाळ झाला तर हुकूमनामा हातात पडतो आणि भांडण आहे तिथेच राहते.

कोर्टाच्या व्हरांड्यात या प्रकाराला सगळे ‘म्युच्युअल’ म्हणतात. ‘मॅडम, म्युच्युअलला किती लागतात?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘किती दिवसांत होईल?’ हा दुसरा. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा सिनेमातले चित्र असते: दोन समजूतदार माणसे, दोन कप कॉफी आणि शांतपणे घेतलेला निर्णय. अशी जोडपी असतात, पण थोडी. बरीचशी म्युच्युअल प्रकरणे भांडणातूनच जन्माला येतात. पोलिसांच्या भरोसा कक्षात फेऱ्या झालेल्या असतात, पोटगीचा दावा चालू असतो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज पडलेला असतो, पूर्वी ज्याला सगळे ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ म्हणत आणि जे आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ झाले आहे, तेही लागलेले असते. तारखांना रजा टाकून टाकून दोघांच्या नोकऱ्या टेकीला येतात. मग कधीतरी एखादी शहाणी मावशी किंवा एखादा वैतागलेला वकील म्हणतो, बसा आता समोरासमोर.

थकव्यातून आलेली संमती दुय्यम असे मला वाटत नाही. थकणे हे प्रामाणिक कारण आहे. धोका एवढाच की थकलेला माणूस कशावरही सही करतो.

महाराष्ट्राला नवरा-बायकोने आपसात वेगळे होणे नवे नाही. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे सगळे शब्द कायद्याच्या कितीतरी आधीचे. अनेक जातींमध्ये पंचांसमोर काडी मोडली जाई आणि बाईला पाट लावायची मोकळीक मिळे. ही सोय नव्हती ती मुख्यतः उच्चवर्णीयांत, आणि गंमत अशी की ‘आपल्या संस्कृतीत घटस्फोट नाही’ हे वाक्य नंतर सगळ्यांच्याच तोंडी बसले. कायद्याने हात घातला तो संस्थानांतून: कोल्हापुरात शाहू महाराजांनी, बडोद्यात १९३१ साली सयाजीरावांच्या राज्याने. मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ चा, आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पण यांत घटस्फोट मागणाऱ्याला दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागे. दोघांनी मिळून ‘आमचे जमत नाही’ एवढेच सांगायची सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात होती, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांना. मंगलाष्टका म्हणून लग्न केलेल्यांना त्यासाठी १९७६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब आले.

कायद्याचा आधार नसताना तडजोड कशी अर्धवट राहते याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण रखमाबाईंचे. बालपणी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये त्यांनी दावा लावला. न्या. पिन्हे यांनी पुढच्या वर्षी तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार होत्या. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन दादाजींचा दावा मिटवला गेला. आजच्या भाषेत कन्सेंट टर्म्सच. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरतेत त्यांनी अनेक वर्षे दवाखाना चालवला. दादाजींनी दुसरे लग्न केले. पण तडजोडीने मिटला तो दावा. लग्न कायद्याच्या दृष्टीने तसेच उभे राहिले. ते मोडण्याची तरतूदच नव्हती.

हे जुने म्हणून सोडून देऊ नये. आजही नालासोपाऱ्यात, विरारमध्ये माझ्यासमोर स्टॅम्पपेपर ठेवले जातात. नोटरीचा लाल शिक्का, दोन साक्षीदार, ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही’ असा मजकूर, आणि वर ‘फारकतनामा’ असे ठळक अक्षरात. दोघेही समजतात की झाले. मग त्यातला एक दुसरे लग्न करतो, आणि पहिले लग्न कायम असल्यामुळे तो गुन्हा ठरतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा ठेवली आहे हे खरे. पण आपल्या जातीत अशी रूढी फार जुनी आहे आणि अखंड चालत आली आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते शिक्क्याने सिद्ध होत नाही. आदिवासी समाजाची गोष्ट वेगळी. अनुसूचित जमातींना हा कायदा केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय लागूच होत नाही, त्यामुळे वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातल्या पाड्यांवर लग्न आणि फारकत दोन्ही समाजाच्या चालीने होतात. पालघर जिल्ह्यावर लिहिणाऱ्याने एवढे भान ठेवायला हवे. बऱ्याच मार्गदर्शक पुस्तकांत ते नसते.

वसईत बसून लिहायचे तर ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट दोन ओळींत उरकता येत नाही. पापडी, भुईगाव, निर्मळ, आगाशी या पट्ट्यातल्या कॅथलिकांना परस्पर संमतीचा घटस्फोट मिळाला तो २००१ साली. तोवर १८६९ चा कायदा होता, आणि त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये हा दुजाभाव मोडून काढला, आणि चार वर्षांनी संसदेने कलम १०-अ घातले. इथे इतिहासाची एक थट्टा आहे. पोर्तुगाल १९१० मध्ये प्रजासत्ताक झाले आणि लगोलग त्याने परस्पर संमतीचा घटस्फोट कायद्यात आणला. तो गोव्यालाही लागू झाला, जरी पुढे १९४६ मध्ये चर्चमधल्या लग्नांपुरती ती वाट आखडली. वसई पोर्तुगीजांच्या हातून १७३९ मध्येच गेलेली, तेव्हा आमच्या वाट्याला आला तो इंग्रजांचा व्हिक्टोरियन कायदा.

कलम १०-अ मध्ये वेगळे राहण्याची अट दोन वर्षांची आहे, हिंदूंना एक वर्षाची. केरळ आणि कर्नाटकच्या उच्च न्यायालयांनी या फरकावर बोट ठेवून ती एक वर्षावर आणली. कायद्याच्या पुस्तकात मात्र अजून दोनच छापलेली आहेत. पण माझ्याकडे येणाऱ्यांचा खरा गोंधळ वेगळाच असतो. चर्चच्या न्यायाधिकरणाकडून विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय मिळाला की सगळे संपले, अशी समजूत घरोघरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले की त्या निर्णयाने दिवाणी कायद्यातले लग्न मोडत नाही. उलटही तितकेच खरे: कोर्टाचा हुकूमनामा घेऊन आलेल्याला चर्चमध्ये पुन्हा लग्न लावता येत नाही, कारण चर्चच्या लेखी पहिले संस्कार उभेच असतात. म्हणजे दोन दारे, दोन्ही ठोठावायची. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये चर्चची प्रक्रिया सोपी केली. पूर्वी एका न्यायाधिकरणाच्या निर्णयावर दुसऱ्याची मोहोर लागे, ती अट गेली. ज्यांना श्रद्धा जपायची आहे त्यांनी हे काम कोर्टाबरोबरच सुरू करावे, नंतर आठवण होऊन नव्हे. मुस्लिम जोडप्यांसाठी मुबारात आहे, संमतीने विभक्त होण्याची त्यांची जुनी आणि सुटसुटीत रीत. तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

आता ‘वेगळे राहणे’ म्हणजे काय ते पाहू. कायद्याला एक वर्ष वेगळे राहिलेले हवे, आणि वसई-विरारमध्ये दोन भाडी परवडणारी जोडपी किती? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात सांगितले की प्रश्न छपराचा नाही. नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर एका घरात राहूनही ते वेगळे राहणेच. तुळिंजच्या एका वन-आरकेमध्ये हे कसे चालते ते मी पाहिले आहे. तो विरारहून सुटणारी पहाटेची गाडी पकडायचा, ती रात्रपाळी करून सकाळी यायची. गॅस एक, पण डबे दोन. फ्रिजचा वरचा कप्पा त्याचा, खालचा तिचा. मुलाला दोघांनी सांगितले होते, पप्पा बाहेर गॅलरीत झोपतात कारण त्यांना उकडते. असे त्यांनी सव्वा वर्ष काढले. अर्जात हे लिहायला त्यांना लाज वाटत होती. मी म्हटले, लिहा, यात लपवण्यासारखे काही नाही.

त्याच १९९१ च्या निकालाची दुसरी बाजू अशी की संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते. पहिला अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा येऊन सांगायचे, अशी कलम १३-ब ची रचना आहे, आणि मधल्या काळात कोणीही माघार घेऊ शकते. हा काळ विचारासाठी आहे. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सहा महिने अनिवार्य नसल्याचे सांगितले. दीड वर्ष वेगळे राहणे आधीच झालेले असेल, समेटाचे प्रयत्न फसलेले असतील, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळे खरोखर ठरलेले असेल, तर कोर्ट हा काळ माफ करू शकते. एक जण आखातात किंवा बोटीवर असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सची वाटही त्याच निकालात आहे. २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाचा हवाला देऊन ‘आता लगेच होते’ असे सांगणारे भेटतात. तो अधिकार अनुच्छेद १४२ खालचा, फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. वसईच्या कोर्टाकडे तो नाही. आणि ‘सगळे ठरलेले असेल’ या अटीवर सगळ्यांचे घोडे पेंड खाते.

काय ठरवायचे असते? आधी घर. पश्चिमेच्या गावांत वाडी बहुधा सासऱ्याच्या सातबाऱ्यावर असते, तिथे वाटणीचा प्रश्नच येत नाही. पूर्वेला आणि नव्या संकुलांत फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या. मसुद्यात लिहितात, ‘फ्लॅट पत्नीकडे राहील व उर्वरित हप्ते ती भरेल.’ छान. पण बँक या कागदाला बांधलेली नसते. तिने दोन हप्ते चुकवले की फोन त्याला येतो, सिबिल त्याचे बिघडते, आणि दोन वर्षांनी त्याला नवे कर्ज नाकारले जाते तेव्हा तो पुन्हा माझ्यासमोर. सहकर्जदार म्हणून त्याचे नाव बँकेने काढल्याचे पत्र हातात येईपर्यंत ही अट पुरी झाली असे समजू नये. दुसरे, हिस्सा नावावर करायचा तर नवरा-बायकोचे नाते कायद्याने शाबूत असतानाच करावा. राहत्या घराच्या बक्षीसपत्राला नवरा-बायकोत महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार असल्यास तो वेगळा. हुकूमनाम्यानंतर दोघे परके, आणि मग बाजारभावावर टक्केवारी मोजावी लागते. बक्षीसपत्राची नोंदणी आणि दुसरी तारीख यांचा क्रम मसुद्यातच लिहावा, कारण आधी कोणी हात पुढे करायचा यावर दोघांचा विश्वास नसतो.

आणि घर अधिकृत आहे का, हेही विचारावे लागते. नालासोपाऱ्यातल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२४ पासून पाडल्या गेल्या, त्यात राहणारी कुटुंबे नोंदवलेले कागद हातात घेऊन रस्त्यावर उभी होती. एखादीने पोटगीच्या बदल्यात असे घर पत्करले असेल तर तिच्या हाती काय राहिले, याचा विचार करा. इथल्या प्रत्येक बाईला मी सांगते की घराच्या बदल्यात पोटगी सोडण्याआधी महापालिकेची बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र बघा.

मुलांच्या अटींत लोक कमालीचे मोघम लिहितात. ‘शिक्षणाचा खर्च वडील करतील’ या ओळीवरून मी दोन शिकल्यासवरल्या माणसांना तीन वर्षे भांडताना पाहिले. शाळेची फी शिक्षण, पण क्लासची? बसची? दहावीनंतर कोट्याला पाठवले तर तिथल्या हॉस्टेलची? याउलट एका जोडप्याने इतके बारकाईने लिहिले होते की टायपिस्ट हसला. त्यांच्या घरी गणपती दीड दिवसाचा. मुलगी ते दीड दिवस वडिलांकडे. बाई माहेरची ख्रिस्ती, लग्न विशेष विवाह कायद्याखालचे, म्हणून नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आईसोबत, नाताळचे जेवणही तिच्याकडेच. मे महिन्याची सुट्टी कुठल्या तारखेला फोडायची, मुलीला ताप आला तर अदलाबदल कशी करायची, आजीला केव्हाही फोन करता येईल, सगळे लिहिलेले. ती मुलगी आता कॉलेजात आहे, आणि ते जोडपे मला पुन्हा कधी दिसले नाही. वकिलाला याहून मोठी पावती नाही.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र दोघांनी मिळूनही ठरवता येत नाही. ‘मुलाची पोटगी मागणार नाही’ असे आईने लिहून दिले तरी मुलाचा हक्क त्याने बुडत नाही, आणि ताब्याच्या अटी मुलाच्या हितासाठी कोर्ट पुढे केव्हाही बदलू शकते.

फौजदारी तक्रारी असतील तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. कलम ८५ ची तक्रार महाराष्ट्रात आपसात मिटवून मागे घेता येत नाही; ती उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी तक्रारदार बाईचे संमतीचे प्रतिज्ञापत्र लागते. तो म्हणतो, आधी केस रद्द, मग पैसे. ती म्हणते, आधी पैसे. दोघांची भीती रास्त असते. म्हणून एकरकमी पोटगीचे तुकडे करतात: काही पहिल्या अर्जाच्या वेळी, काही दुसऱ्या तारखेला, उरलेले उच्च न्यायालयाचा आदेश झाल्यावर. स्त्रीधनाची यादी वजनासकट करावी. ‘सर्व दागिने मिळाले’ हे वाक्य मी मसुद्यात राहू देत नाही. पाटल्या किती तोळ्यांच्या, मंगळसूत्र कोणाकडे, हे लिहिल्याशिवाय ते वाक्य खोटे पडायला वेळ लागत नाही.

किरकोळ वाटणारी एक बाब मी मुद्दाम सांगते. डीडी कुठल्या नावाने काढायचा? बाईने माहेरच्या नावाने खाते उघडलेले असते आणि तो सासरच्या आडनावाने डीडी आणतो. कोर्टात सगळे सुरळीत होते, आणि दुसऱ्या दिवशी बँक तो परत पाठवते. मग ज्या माणसाचा नंबर तिने काल ब्लॉक केला, त्यालाच फोन लावायचा. पीएफ, विमा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट यांवरचे नॉमिनीही त्याच आठवड्यात बदलावेत.

या पुस्तकावर एक आक्षेप येईल, तो आधीच ऐकू येतो आहे: अशी पुस्तके काढून तुम्ही संसार मोडायला मदत करता. मला तसे वाटत नाही. पुस्तक वाचून कोणी बायको सोडत नाही. सोडायचे ठरलेलेच असते. तेव्हा आईवडील, सोसायटी, गावकी, कधी चर्चचा एखादा उत्साही समाजसेवक त्यांना पुन्हा पुन्हा ‘एक संधी द्या’ म्हणत राहतात, आणि त्या प्रत्येक संधीत नवी तक्रार तयार होते. समेटाचा प्रयत्न जरूर करावा, कोर्टही करते. पण दोन प्रौढ माणसांनी विचार करून नाही म्हटले की नातेवाइकांनी मागे सरावे आणि निदान मुलांना शाळेतून आणायचे काम अंगावर घ्यावे.

वाचकांना शेवटची विनंती अशी. दोघांचा वकील एकच असला तर खर्च वाचतो, आणि पुष्कळ जण तसेच करतात. तरीही सही करण्याआधी मसुदा प्रत्येकाने एकदा वेगळ्या वकिलाला दाखवावा. फीचा धाक असेल तर बायकांनी लक्षात ठेवावे की १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठीचा अर्ज वसईच्या तालुका विधी सेवा समितीकडे कोर्टाच्या आवारातच करता येतो.